तात्यांचा 'गं'

मेलेल्यांचं मन फाइलीत उतरवायचं, त्यातला कचरा काढायचा आणि ते घरच्यांशी बोलतं करायचं, हा बेहेऱ्यांचा धंदा. तात्या खोतांची फाइल वाचताना त्यांनी नाक मुरडलं. बायकोशी बोलताना वाक्यावाक्याला 'ऐक गं', 'बस गं'!

"अडाण्यांची बडबड," ते पुटपुटले. शब्द सुटा आहे की नाही, हेही न बघता त्यांनी एका कमांडीत दिसेल तिथला 'गं' उडवला. असल्या फाइलीची जुनी प्रत कोण ठेवतो?

दुसऱ्या दिवशी तात्यांची बायको गंगू यंत्रापुढे पदर सावरून बसली.

"सगळी घाण काढलीय, बाई," बेहेरे तोऱ्यात म्हणाले.

तात्यांचा आवाज मायेनं म्हणाला, "आलीस, गू?"

बेहेऱ्यांनी झटकन यंत्र बंद केलं.

"गंगूतला गं काढलात," बाई उठली, "आणि घाण तेवढी ठेवलीत!"