सांग, गोबी कुठी आहे?

जाळं अंगावर पडलं तेव्हा एजंट वीरेंद्र चहाचा दुसरा घोट घेत होता. लाखनीच्या हायवेवर, भर दुपारी, आपल्या पांढऱ्या जीपला टेकून. जाळ्याच्या काठाच्या शिशाच्या गोळ्या डांबरावर खडखडल्या, दोराला हिसका बसला आणि तो उताणा आपटला. कप कुठे अन् तो कुठे.

दोन पावलांवर धनीराम उभा होता. जाळं त्याच्या घरचं होतं आणि दोर त्याच्या थोरल्याच्या, विक्कीच्या हातात होता. कोरड्या जमिनीवर जाळं फेकायचं नाही, हा ढिवराच्या घरातला रिवाज. लहानपणी अंगणात सहज फेकलं म्हणून धनीरामने बापाचा मार खाल्ला होता.

आज विक्की मासे धरायला एकोडीच्या तळ्यात उतरल्यावर धनीराम धाकट्या बंटीला घेऊन गुपचूप निघाला होता. बंटीला परदेशी कामाला पाठवायचं होतं आणि विक्कीला ते कळू द्यायचं नव्हतं. बॅग जीपमध्ये चढली होती, ड्रायव्हर आत बसला होता. कोणत्या चोंबड्याने तळ्यावर बातमी पोचवली, देव जाणे. विक्की ओल्या चड्डीवरच मोटरसायकल हाणत आला होता.

त्याने वीरेंद्रच्या छातीवर पाय ठेवला. "बंटीले कुठी पाठवून राहिला बे?"

"समुद्रावर! बोटीवर! सोड मले!"

"मले बी समुद्रच सांगतला होता."

खरं होतं ते, आणि धनीराम त्याचा साक्षीदार होता. वीरेंद्रच्या दुकानात जगाचा नकाशा लावलेला आहे. विक्कीला पाठवताना धनीरामने एकच चौकशी केली होती, पाणी किती लांब? वीरेंद्रने निळ्या रंगावर बोट ठेवलं आणि धनीराम निर्धास्त झाला. पाणी आहे तिथे ढिवराचं पोट भरतं, एवढंच त्याला कळत होतं. निळ्याला लागून तो एवढा मोठा पिवळा पसारा कसला, हे त्याने विचारलंच नाही. त्या पिवळ्यात विक्कीने उंट राखले आणि पाठीवर वळ घेऊन परत आला. पोरगा काम टाकून पळाला म्हणून रचून सांगतो, असं वीरेंद्र म्हणाला. धनीरामने तेही खरं मानलं. माणसाला मानायचंच असलं की काहीही पटतं.

"सहारा कुठी आहे? सांग."

"काय?"

बुक्की नाकावर बसली. रक्त ओठावर आलं.

"आफ्रिकेत," विक्कीनेच उत्तर दिलं. "गोबी कुठी आहे?"

लोक जमले. मोबाइल वर झाले. सोडवायला मात्र कुणी पुढे येईना. परत आल्यापासून विक्की शेजारच्या गुड्डीचं भूगोलाचं पुस्तक मागून आणायचा आणि भिंतीकडे तोंड करून पुटपुटत बसायचा. पोराचं डोकं फिरलं म्हणून आई रडायची. तो काय पाठ करत होता, ते धनीरामला आज कळलं.

"मंगोलियात. कलहारी?"

"विक्की, हात जोडतो बाप्पा..." वीरेंद्र विव्हळला.

"आफ्रिकेतच, खालच्या अंगाले. अटाकामा?" पुन्हा बुक्की. "चिलीत! थर त आपल्याच देशात आहे. थेवढं तरी येते का तुले?"

"राजस्थान!" वीरेंद्र किंचाळला. "राजस्थान!"

"बराबर," विक्की म्हणाला आणि तरीही त्याच्या तोंडावर बुक्की हाणली.

मग त्याने दोराला पीळ दिला. जाळं वीरेंद्रच्या गळ्यात रुतलं. "आन् मले ठेवलं ते? उंटाच्या दाव्यानं मले बांधत होते, ते वाळवंट कुठी आहे? त्याचं नाव तरी माहीत आहे का तुले?"

वीरेंद्रला माहीत नव्हतं. त्याचे डोळे बाहेर आले, टाचा डांबरावर घासू लागल्या. धनीरामने धावायला हवं होतं. पाय उचलेना. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटत होती.

तेवढ्यात खाडकन आवाज झाला. विक्की गुडघ्यावर आला. कानामागून रक्ताची धार मानेवर उतरली. मागे बंटी उभा होता, जीपमधली लोखंडी टॉमी घेऊन.

"तुले जमलं नाही म्हून मी बी तळ्यातच सडू काय?" बंटी ओरडला. "हा मेला त मले कोण नेईन?"

ड्रायव्हरच्या चाकूने बंटीने जाळं फाडलं. वीरेंद्र खोकत, रक्त थुंकत पुढच्या सीटवर चढला आणि "काढ, गाडी काढ," म्हणाला. बंटी मागे बसायला निघाला तेव्हा कुठे धनीरामचे पाय सुटले. त्याने पोराचा दंड धरला.

"नोको जाऊ बाबू. घरी चाल."

"बा, नकाशा त तूच पाहून आला होता न?" बंटीने दंड सोडवून घेतला.

जीप सुरू झाली. विक्की कसाबसा उठला आणि खिडकीला धरून बरोबर चालू लागला. त्याच्या आवाजात आता राग नव्हता.

"बंट्या, पासपोर्ट मांगतला त देऊ नोको. दुपारी चालू नोको. उंट बसला का त्याच्या सावलीले बस..."

बंटीने काच वर केली. जीप नागपूरच्या अंगाने सुटली आणि विक्कीचा हात घसरला. रक्त डोळ्यात उतरत होतं, तरी तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून बोलतच होता. मागून ट्रक हॉर्न देत होते. ऐकायला धनीराम तेवढा जवळ होता.

"आन् समोर पाणी दिसलं त धावू नोको, बंट्या. तिथी नसते ते."