नुसत्या पुडीचा गुण

मुलीने वैद्यबुवांना दोन्ही हातांच्या मुठी वळून दाखवल्या आणि ती हसली. आता आईशी भांडायलासुद्धा जोर आलाय, म्हणाली. मागे तिची आई उभी होती.

वर्षापूर्वी याच मुलीला सदऱ्याचं बटण लावता येत नव्हतं. बोटं सुजलेली, गुडघे धरलेले, गालांवर तांबडे चट्टे. कुंपणानेच शेत खावं तसा हा आजार, असं वैद्यबुवा म्हणत. अंगाची राखण करणारी शक्तीच अंगावर उलटते. आधी सांधे, मग मूत्रपिंडं.

चाळीस वर्षं त्यांचा एक नेम होता. या दुखण्याचा रोगी आला की आधी बजावायचं, इस्पितळाच्या गोळ्या सोडायच्या नाहीत, माझी पुडी फक्त जोडीला. ही पोर मात्र हट्टाची. गोळ्यांनी तोंड सुजतं म्हणून तिने पहिल्याच आठवड्यात त्यांना शिवायचं नाही अशी शपथ घेतली. वैद्यबुवा रागावले, औषध देणार नाही म्हणाले, तरी शेवटी पुडी दिलीच. मग महिन्यामागून महिने ती सुधारत गेली आणि त्यांचा राग विरघळत गेला. पुडी तीच, गुळवेल, मंजिष्ठा, अश्वगंधा, मधातून सकाळ-संध्याकाळ. नुसत्या पुडीने गुण आला होता. असं त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

वरच्या खोलीत त्यांची स्वतःची लेक निजून होती. आजार हाच. चार महिन्यांपूर्वी त्यांनी आपल्या हाताने तिच्या गोळ्या बंद करून तिला नुसत्या पुडीवर ठेवलं होतं. गेल्या आठवड्यापासून तिच्या पायांवर सूज चढली होती. बोटाने दाबलं की खड्डा तसाच राहत होता. म्हणून तर आज ते या मुलीच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते. हिलाही मधे अशी सूज येऊन गेली होती का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

त्यांनी विचारलं. छे, सूज कसली, मुलगी म्हणाली, तुमच्या औषधापुढे ती इकडे फिरकलीसुद्धा नाही. आणि चपला घालायला बाहेर गेली.

आई मागे रेंगाळली. दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि खालच्या आवाजात, तुटक तुटक सांगू लागली. लेक गोळ्यांना हात लावीना, आणि आईचा जीव राहीना. मग रोज सकाळी देवापुढे उभं राहायचं, लबाडीची क्षमा मागायची, आणि खलात गोळ्या कुटून पुडीत मिसळायच्या. मधात चव कळत नसे. तुमच्या औषधाला उणं आणायचं नव्हतं हो, तिने हात जोडले, पण आता मनात ठेववत नाही.

"कधीपासून?" वैद्यबुवांनी विचारलं.

"पहिल्या आठवड्यापासून. एका दिवसाचा खाडा नाही."

वैद्यबुवांनी तिला बोल लावला नाही. कोणत्या तोंडाने लावणार होते? त्यांनी फोन करून गाडी बोलावली आणि कठड्याला धरून जिना चढले.

लेक उशीला टेकून बसली होती. त्यांनी काहीही हातचं न राखता सगळं सांगितलं. मी चुकलो, म्हणाले. आत्ताच्या आत्ता इस्पितळात जायचं आहे. ती रडेल, दोष देईल असं त्यांना वाटलं. तिने द्यावाच, असंही वाटलं.

तिने सुजलेले पाय हळूच खाली सोडले आणि आधाराला त्यांचा खांदा धरला.

"पुडी एकटी पुरत नाही, हे मला दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं, बाबा. पण आई गेल्यापासून तुम्हाला पहिल्यांदाच झोप लागायला लागली होती."