लकडगंजातलं आइस्क्रीम

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात लकडगंजात आइस्क्रीमचं नवं दुकान निघालं, तसा बळीराम बायकोला म्हणाला, “चाल वं सिंधू, खाऊन येऊ.” बाळंतपणानंतर सिंधू कोणाशी बोलत नसे, चुलीवरचं दूध उतू जाताना नुसती पाहत बसे. कित्येक महिन्यांनी नवऱ्याने प्रेमाने हाक मारली, म्हणून ती ठेवणीतलं लुगडं नेसली आणि झोपलेलं लेकरू सासूजवळ सोडून निघाली. दुकानात कोनातलं गुलाबी आइस्क्रीम जिभेला लागताच ती हसली. बळीरामने मात्र मान खाली घातली. तेवढ्यात दारात सायकलरिक्षा थांबली. आत दीर होता, पायाशी तिची पत्र्याची पेटी. “मले पागलखान्यात नेऊन राहिले काय?” तिने विचारलं. “डॉक्टर म्हणते, बरी होशील,” बळीराम पुटपुटला. ती ओरडली नाही. कोन त्याच्या हातात देऊन पेटीशेजारी बसली. म्हणाली, “घरीच सांगाचं होतं. लेकराले पाजून तरी आली असती.”