ऐंशी माणसांचं गाव

“गावात ऐंशीच्या वर माणसं झाली, की हा गेम आपणहून कुणाला तरी काढून टाकतो, काकू,” मयूरी म्हणाली.

उमाताईंनी हातातला माऊस सोडला. म्हणजे आपल्या लेकाला, सुमंतला, आपणच घालवलं या गावातून.

सुमंतला जाऊन चार महिने झाले होते. पट्टीचा पोहणारा पोरगा, पण एका सकाळी घाटावर पाय घसरला आणि कृष्णेनं नेला. मागे राहिला त्याचा लॅपटॉप, आणि त्यात त्यानं वसवलेलं हे गाव. पठ्ठ्यानं अख्खी गल्ली उभी केली होती, कोपऱ्यावरच्या भडंगवाल्यासकट. त्यातले आईबाबा तर केव्हाही बघावं तर तरणेताठे. शेजारी आग लागली तरी हे दोघं आपले हसतमुख. उमाताईंना त्याचं फार कौतुक वाटायचं.

गेममधल्या त्या गावात त्याचं घर होतं, मोटारसायकल होती. तो तेवढा दिसत नव्हता. असेल इथंच कुठंतरी, एकटा पडायला नको, म्हणून उमाताईंनी माऊस धरायला शिकून माणसं वाढवली. नणंदेचं कुटुंब आणलं, बाजारातली बनुबाई आणली. मग घर न् घर धुंडाळलं. सुमंत कुठंच नव्हता. शेवटी कराडहून त्याच्या कॉलेजातल्या मयूरीला बोलावून घेतलं.

“माझ्या पोराला मीच हुसकावलं गं,” त्या म्हणाल्या.

“थांबा हो काकू. मी दोन मॉड टाकते. गेमला बाहेरून जोड असते ती. एकानं ऐंशीची अट जाईल. दुसरा जुन्या नोंदी उघडतो. कोण कधी गेलं, कसं गेलं.”

“मग आणता येईल ना परत?”

“बघूया.”

नोंदी उघडल्या. मयूरी वाचत खाली गेली आणि तिचा हात थांबला.

“तुमच्यामुळे नाही गेला, काकू. गेमनं काढलेलंच नाही त्याला.”

उमाताईंना रडू फुटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा जीव जरा हलका झाला.

“मग कुणी काढलं?”

मयूरी लॅपटॉप मिटायला लागली. उमाताईंनी तिचा हात धरला, चष्मा लावला आणि वाचलं. तिन्ही नोंदी एकाच सकाळच्या होत्या, तो घाटावर गेला त्या.

सहा वाजून दहा मिनिटं. आई-बाबांचं म्हातारपण बंद.

सहा बारा. आई-बाबांचं दुःख बंद.

सहा चौदा. सुमंतला गावातून काढलं. काढणारा, खेळाडू स्वतः.