शेरावर पाव

"माझ्या दुधात पाण्याचा एक थेंब निघाला तर मिशी उतरवीन," दौलतराव ओट्यावरून म्हणाले, आणि मल्हारगंजातल्या त्या गल्लीला सकाळी दुसरं कामच उरलं नाही.

समोरचे दत्तोपंत मास्तर टपूनच होते. "आणि नाही निघाला, तर मी तुमच्या म्हशीची शेपटी धरून राजवाड्याला चक्कर मारीन. चालेल?"

"चालेल काय, दौडेल भिया."

होळकरांची फौज मोडली, मध्यभारत राज्य झालं, दौलतरावांची सुभेदारी गेली. उरली एक मिशी आणि एक म्हैस. म्हशीचं दूध गल्लीभर जायचं. दुधाला कुणी नाव ठेवलं की मिशीला लागायचं.

दौलतरावांची बायको भानुमती रतिबाचं दूध मापत होती. मास्तरांनी शाळेतली काचेची नळी तिच्या चरवीत सोडली. नळी डुलली, थांबली.

"खऱ्या दुधात तीसवर थांबते, नुसत्या पाण्यात शून्यावर," मास्तर वाकून म्हणाले. "इथं चोवीस. म्हणजे चार भाग दूध, एक भाग पाणी."

"काच आहे मास्तर. काचेचा काय भरोसा?" दौलतराव हसले. "माझ्या घरात पाणी? अरे, म्हैस तरी ऐकून घेईल का?"

लोकही हसले. दोघातिघांनी माना डोलावल्या. सुभेदार सुटले, असंच वाटलं.

तेवढ्यात गजानन शिंपी ओरडला, "मतलब शेरात पाव पाणी! ये तो लूट है।"

भानुमतीनं माप खाली ठेवलं. "शेरात पाव? कुणी सांगितलं? उगाच काहीच्या काही बोलू नका गजाननजी. शेरात नाही, शेरावर पाव घालते मी."

सगळ्या माना दौलतरावांकडे वळल्या.

"वहिनी बरोबर बोलल्या," मास्तर हळूच म्हणाले. "नळीचा हिशेबही तोच येतो."

दौलतराव बायकोकडे बघत राहिले. नळी खोटी म्हणता आली होती. हिला काय म्हणणार?

"भानू, का?"

"म्हैस देते पाच शेर. रतीबही पाच शेराचा. तुमच्या ओट्यावरच्या ह्या मंडळींच्या चहात रोज शेरभर जातं. तुम्ही कुणाला नाही म्हणत नाही. मग मी रतीब कशानं पुरा करू?"

मंडळींना एकदम आपापल्या चपला दिसायला लागल्या. गजानन जायला निघाला, तर मागे गर्दी, वाट नव्हती.

"अहो जाने दो सुभेदार, मजाक होती," मास्तर म्हणाले. "बरं, हिशेबानंच घ्या. चार भाग राहू द्या, एक भाग काढा. एवढंसं टोक."

"मिशीत पाणी नाही मास्तर," दौलतराव म्हणाले आणि गर्दीतल्या न्हाव्याला खुणावून तिथंच पायरीवर बसले. "पांडुरंगा, सगळी काढ."

पांडुरंग न्हाव्याचा हात दोनदा थांबला. दौलतरावांनी मान वर धरली, परेडला धरायचे तशी. मिशी गेली. मिशीखालचा ओठ पांढराफटक, लहान मुलासारखा दिसत होता.

ते उठून दाराकडे वळले. उंबऱ्यावर भानुमती उभी होती. तिनं एकदा वर बघितलं, आणि कुणी परका माणूस घरात शिरावा तसा पदर पुढे ओढून बाजूला झाली.