रविवारचा कच्चा मासा

शुकयिनने पिशवीतून स्वतःच्या चॉपस्टिक काढल्या आणि बापाच्या ताटाकडे न बघता जेवायला बसली.

बघण्यासारखं काही नव्हतंच तिथे, नुसती शिसारी. तासाभरापूर्वी तळ्यात पोहणारा गवत्या जातीचा मासा आता बर्फावर पसरला होता, पलीकडचं दिसेल इतक्या पातळ कापांत. वर शेंगदाण्याचं तेल, आल्याचे धागे, तीळ. तिच्या बापाने, लियांग म्हाताऱ्याने, एक काप उचलला, तेलात घोळवला आणि डोळे मिटून तोंडात टाकला. तेल हनुवटीवर ओघळलं. ते त्याने बोटाने निपटलं आणि बोट चोखलं.

"बाबा, निदान माझ्यासमोर तरी."

"तुझं जेवण वेगळं केलंय ना? मग आपल्या वाडग्यात बघ."

वेगळं केलं होतं, हे खरं. बायको गेल्यापासून स्वयंपाक म्हाताऱ्याकडेच होता. दर रविवारी मासा कापून झाला की तो कापायचा लाकडी ठोकळा फडक्याने पुसायचा आणि त्यावर लेकीसाठी उकडलेल्या कोंबडीचे तुकडे करायचा, वर कांद्याची पात चिरून घालायचा. लेक गावच्या आरोग्य केंद्रात तपासनीस. कच्च्या माशाला ती आयुष्यात शिवली नव्हती.

समोर मक काका बसला होता, बापाचा शाळेपासूनचा दोस्त. दात कोरत तो म्हणाला, "पोरी, उगाच धसका घेतेस. वर्षभर खायचं आणि नववर्षाच्या आधी जंताच्या गोळ्या घेऊन मोकळं व्हायचं. मी दरवर्षी घेतो, यंदाच्या गेल्याच महिन्यात घेतल्या. तुझा बापसुद्धा..."

म्हाताऱ्याने त्याच्या पेल्यात दारू ओतली आणि पुढे बोलूच दिलं नाही.

"पोट आहे की गटार?" शुकयिन म्हणाली. "आधी किडे पोसायचे, मग मारायचे, मग परत पोसायचे. तुमच्या लहानपणी या तळ्यांवर काय बांधलेलं असायचं, आठवतं ना?"

"संडास," मक काका म्हणाला. "म्हणून तर मासे गुबगुबीत असायचे."

दोघं म्हातारे पोट धरून हसले. तोंडात मासा असताना. शुकयिनने वाडगा बाजूला सारला.

तिचा सख्खा काका याच ताटाने गेला होता, बावन्नाव्या वर्षी. आधी पित्ताच्या नळीत किडे, मग गाठ. अंगभर पिवळा पडला होता, डोळ्यांच्या पांढऱ्या भागापर्यंत. शेवटच्या आठवड्यात त्याच्या उशीला जो वास यायचा, तो तिच्या नाकातून अजून गेला नव्हता. आता घरात उरला होता एकटा बाप, आणि तोही भावाच्याच वाटेने मिटक्या मारत निघाला होता.

"पैज लावा," ती म्हणाली. "बुधवारी गावाची शौच तपासणी सुरू होते. आधी आम्हा कर्मचाऱ्यांच्या घरचे नमुन्यांचे डबे. तुमच्या डब्यात काही निघालं नाही, तर मी या विषयावर परत तोंड उघडणार नाही. निघालं, तर हे ताट कायमचं बंद."

म्हाताऱ्याने आणखी एक काप तोंडात टाकला.

"लागली," तो म्हणाला.

बुधवारी सकाळी न्हाणीघराच्या कट्ट्यावर दोन डबे होते. बापाच्या आणि स्वतःच्या नावांच्या चिठ्ठ्या शुकयिननेच लिहून चिकटवल्या होत्या.

"तू कपडे कर, डबे मी पिशवीत भरतो," म्हातारा म्हणाला. "तुला घाण सहन होत नाही."

इतका समजूतदारपणा त्याने जन्मात दाखवला नव्हता. शुकयिनला बरं वाटलं.

केंद्रात बापाची काच तिने स्वतः तपासायला घेतली. नाकावर दोन मास्क चढवले, जाळीतून गाळलेला मळ काचेवर चेपला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. अंडी. काच जिकडे सरकवावी तिकडे अंडी, पिवळी, तपकिरी, वर इवलंसं झाकण असलेली. आत जिवंत काहीतरी वाट बघत असलेली. मोजता मोजता तिने नाद सोडला.

"मेइफोंग, इकडे ये," तिने शेजारच्या टेबलावरच्या मुलीला हाक मारली. "माझ्या बापाचं पीक बघ."

मेइफोंगने डोळा लावला आणि लगेच मागे सरली. "ई गं. हे पोटात घेऊन माणूस जेवतो कसा?"

"चवीने जेवतो."

"तुझी काच मी पाहिली. स्वच्छ आहे."

"असणारच," शुकयिन म्हणाली आणि हात धुवायला गेली. तीनदा धुतले तरी तिला ते धुतल्यासारखे वाटेनात.

दुपारी ती घरी आली तेव्हा म्हातारा भाजी चिरत होता. तिने डॉक्टरांनी दिलेलं गोळ्यांचं पाकीट त्याच्यासमोर आपटलं.

"हरलात. अंडीच अंडी. मला तिथेच ओकारी येत होती. माझा बाप म्हणून सांगायची लाज वाटली."

म्हाताऱ्याची सुरी थांबली. "माझ्या डब्यात?"

"तुमच्याच. नाव मी लिहिलंय."

"खूप होती?"

"बऱ्याच वर्षांची वस्ती असणार."

"गोळ्यांनी जाईल ना?"

"किडे जातील. पण पुढच्या आठवड्यात यकृताची सोनोग्राफी करायची. काकासारखं काही सुरू झालंय का, ते बघायला हवं."

म्हातारा खाली बसला. त्याने विचारलं, "मासा न खाताही होतं का हे?"

"आता पळवाटा नका शोधू. होतं, कच्चं कापलेल्या ठोकळ्यावरच शिजलेलं कापलं तर होतं. पण तुम्ही ताटंच्या ताटं चापलीत, तुम्हाला कशाला हव्यात त्या चौकशा? घ्या मुकाट्याने."

म्हाताऱ्याने पेल्यात पाणी ओतलं. पेला भरला तरी तो ओतत राहिला, पाणी टेबलावर सांडलं. शुकयिनची किळस अजून गेली नव्हती, तरी त्याला इतकं घाबरलेलं बघून तिचा राग ओसरला. पैज ती जिंकली होती. बाप वाचणार होता.

"घ्या ना बाबा," ती हळू आवाजात म्हणाली.

त्याने पाकीट फोडलं, गोळ्या तळहातावर काढल्या आणि पाण्याच्या पेल्यासकट तिच्यापुढे धरल्या.

"तू घे, पोरी. चिठ्ठ्या मी बदलल्या होत्या."