साडेचारची एसटी

“सर, तास अर्धा सोडून अचानक निघून जाणं, याला इंग्रजीत काय म्हणतात?”

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून मी विचारलं. आमचे इंग्रजीचे सर साडेचारची एसटी पकडायला रोज असेच पळतात, हे अख्ख्या पिशोर गावाला ठाऊक आहे.

सर हसले. “टेक ऑफ. आता तूच वाक्य कर.”

मी ठसक्यात म्हणाले, “आफ्टर दिवाळी, माय फॅमिली टेक्स ऑफ विथ द शीप.” दिवाळी झाली की आमचं बिऱ्हाड मेंढ्यांमागं निघतं, ते पावसाळ्यालाच परत येतं.

“आणि तुझी दहावी?”

मी वही मिटून खाली बसले.

त्या दिवशी साडेचारची एसटी सरांना न घेताच गेली. सर थेट आमच्या घरी आले. माझे वडील, आबा, घोड्यावर लादायचं सामान बांधत होते. आईनं चहा दिला. सर शब्द जुळवत बसले, तेवढ्यात मीच बोलून मोकळी झाले.



“आबा, आई, यंदा तुम्ही टेक ऑफ करा. मी इथंच गावात राजाआत्याकडं राहून दहावी देणार. आन् सर, तुम्हीबी आता पूर्ण तास घ्यायचा!”